जवळचं बरोबर, लांबचं गायब: लेझर रेंजफाइंडरची नेहमीची तक्रार आणि ती सोडवायचा क्रम

लेझर रेंजफाइंडर म्हणजे लेझरने टार्गेटचं अंतर मोजणारं हातातलं यंत्र. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची तक्रार यातलीच आहे का ते लगेच कळेल.

• ३००-४०० मीटरपर्यंत बटण दाबताच आकडा येतो, त्यापुढे नुसत्या रेघा.
• ७०० मीटरवरच्या झाडाचं अंतर मिळतं, पण त्याच झाडाजवळ टार्गेट म्हणून टांगलेल्या स्टीलच्या प्लेटचं मिळत नाही.
• एकाच प्लेटवर लागोपाठ वेगवेगळे आकडे येतात, आणि फरक एक-दोन नाही, तीस-चाळीस मीटरचा असतो.
• सकाळी नीट चालणारं यंत्र दुपारी काहीच दाखवत नाही.
• आकडा स्थिर येतो, पण त्याप्रमाणे रायफलच्या स्कोपची चकती फिरवली की गोळी दर वेळी एकाच बाजूला चुकते, एक तर वर नाहीतर खाली.

शूटिंग रेंजवर नेमबाजांची ही यंत्रं तपासून द्यायचं काम माझ्याकडे बऱ्याच काळापासून आहे. परवडणाऱ्या रेंजफाइंडरबद्दलची तक्रार जवळपास नेहमी या पाचांपैकीच एक असते, आणि यंत्र खरोखर बिघडलेलं क्वचितच निघतं. खोक्यावर १००० छापलेलं असतं म्हणून माणूस १००० वरच्या प्लेटवर यंत्र रोखतो. तो आकडा कशाच्या जोरावर छापलाय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तपासणीला लागण्याआधी किती चूक चालते ते बघा. .३०८ कॅलिबरच्या रायफलची १७५ ग्रेन वजनाची गोळी १००० यार्डांवर पोचते तेव्हा नजरेच्या रेषेशी साधारण एक अंशाचा कोन करून खाली येत असते. म्हणजे अंतर १० यार्डांनी चुकलं तर गोळी जवळपास १८ सेंटिमीटर वर-खाली जाते. एफ-क्लासच्या (लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धेच्या) १००० यार्डांच्या टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १० इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १२.७ सेंटिमीटर. बाकी सगळं अचूक असूनही नुसत्या अंतराच्या चुकीने दहा गुण हातचे जातात. .२२ ची संथ गोळी तर २०० यार्डांवरच इतकी उतरायला लागते की १० यार्डांच्या चुकीला १० सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. उलट .३०८ साठी ३०० यार्डांवर हीच चूक फारशी जाणवत नाही. म्हणून तिथे "चांगलं चालतं" वाटणारं यंत्र पुढे गेल्यावर उघडं पडतं.

आता क्रमाने. आधी फुकटातलं.

सेल, काच, आयपीस

यंत्र चालू होतं म्हणजे सेल चांगला आहे असं नाही. पडदा उजळायला लागणारी वीज अगदी थोडी. लेझरचा स्पंद सोडताना क्षणभर मोठा प्रवाह लागतो आणि थकलेला सेल तेव्हाच बसतो. बहुतेक लहान यंत्रांत सीआर२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. नवा सेल घालून बघा, आणि थंडीत हे सगळ्यात आधी करा, कारण थंड सेल लवकर मान टाकतो. पुस्तिकेत परवानगी नसेल तर त्या मापाचा रिचार्जेबल सेल घालू नका. त्यांतल्या काहींचा व्होल्टेज पूर्ण चार्ज झाल्यावर ४ च्या वर जातो.

काचा किमान दोन असतात: एकीतून लेझर बाहेर जातो, दुसरीतून परतलेला प्रकाश आत येतो. लोक नजर लावायची मोठी काच पुसतात आणि शेजारची छोटी विसरतात. तिच्यावर बोटाचा तेलकट ठसा असला तर झोत सुटतानाच विखुरतो. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्सच्या कापडाने पुसा. शर्टाच्या टोकाने नको.

आयपीसची (डोळा लावायच्या काचेची) कड फिरवून आतली नेम धरायची फुली धारदार दिसेल असं करा. फुली पुसट दिसत असेल तर तुम्ही नक्की कशावर नेम धरलाय हे तुम्हालाच कळत नसतं.

एकक आणि मोड

पाचवं लक्षण, म्हणजे आकडा स्थिर पण गोळी एकाच बाजूला, असेल तर इथेच थांबून नीट बघा. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एकक असतं. यार्डांतला १००० हा ९१४ मीटर असतो. बटण चुकून जास्त वेळ दाबलं गेलं की काही यंत्रं एकक बदलतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट मोडची. स्वस्तात मिळतो म्हणून बरेच जण गोल्फचा रेंजफाइंडर घेतात. त्याला झेंड्याची काठी पकडायला शिकवलेलं असतं, म्हणून वाटेत जे पहिलं आडवं येईल त्याचं अंतर तो दाखवतो: गवताचं पातं, फांदी, प्लेटच्या पुढचा खांब. शिकारीच्या यंत्रांत बहुधा याच्या उलट, मागच्या वस्तूला प्राधान्य देणारा मोड असतो. त्यात प्लेट सुटून मागच्या मातीच्या बांधाचं अंतर येऊ शकतं. कुठला मोड चालू आहे ते बघा आणि दोन्ही वापरून आकडे ताडून पाहा.

गोल्फच्या यंत्रातला स्लोप मोड तर रायफलसाठी बंदच ठेवा. चढावर चेंडू कमी जातो म्हणून तो अंतर वाढवून दाखवतो. रायफलला चढ असो वा उतार, दोन्हीकडे आडवं अंतर घ्यायचं असतं, आणि ते थेट अंतरापेक्षा नेहमी कमीच असतं. ५०० मीटरवरचं टार्गेट २० अंश वर असेल तर आडवं अंतर ४७० च्या आसपास येतं. स्लोप मोड मात्र ५०० हून जास्त आकडा देतो. दुरुस्ती पूर्ण उलट्या दिशेला.

शिकारीच्या यंत्रात कोनाची दुरुस्ती बरोबर असते, पण तिथे ती दोनदा होण्याचा धोका असतो. बॅलिस्टिक ॲपमध्ये (गोळीचा मार्ग काढून देणाऱ्या) कोन भरणार असाल तर त्याला थेट अंतर द्या. आडवं अंतरही दिलं आणि कोनही भरला, तर गोळी खाली लागणारच.

यंत्राला आधार द्या

यंत्र बिघडलंय असं सांगत येणाऱ्या किती तरी जणांचं काम इथेच होतं. एक मिलिरेडियन (कोनाचं माप) म्हणजे ८०० मीटरवर ८० सेंटिमीटर. हातात धरलेलं यंत्र बटण दाबताना याच्या कितीतरी पट हलतं. तुम्हाला वाटतं फुली प्लेटवर आहे, पण स्पंद सुटतो त्या क्षणी ती बांधावर गेलेली असते. ट्रायपॉड लावा. यंत्राला स्क्रूचं भोक नसेल तर वाळूच्या पिशवीवर ठेवा, बटण हळू दाबा, शक्य असेल तर सतत मोजत राहणारा स्कॅन मोड वापरून बटण दाबून ठेवा.

आणि एका आकड्यावर कधीच विश्वास ठेवू नका. एकाच प्लेटवर ६१२, ६१३, ६४८, ६१२, ६४७, ६१२ असे आकडे आले तर सरासरी काढायची नाही. सरासरी ६२४ येते आणि ६२४ वर काहीच नाही. इथे दोन खऱ्या वस्तू दिसतायत: ६१२ ला प्लेट, ६४८ ला मागचा बांध. पुन्हा पुन्हा येणारे गट ओळखा आणि समोरच्या जागेशी जुळवा. तिसऱ्या लक्षणाचं उत्तर नव्वद टक्के वेळा एवढंच असतं.

ऊन आणि हवा

या किमतीतली बहुतेक यंत्रं ९०५ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर वापरतात, आणि सूर्यप्रकाशात तीच लहर भरपूर असते. भर उन्हात प्लेट आणि मागची माती सूर्याच्या प्रकाशाने उजळलेली असतात, तुमचा इवलासा परतावा त्यातून वेगळा काढणं यंत्राला जड जातं. म्हणून तेच यंत्र सकाळी, संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत लांबचं देतं. हा बिघाड नाही. शक्य असेल तर सगळ्या प्लेटची अंतरं सकाळीच घेऊन वहीत लिहून ठेवा. प्लेट दुपारी जागा बदलत नाहीत.

धुकं, पाऊस, उडती धूळ असेल तर जवळचेच खोटे आकडे येतात, कारण झोत वाटेतल्या थेंबांवरून परततो. गाडीच्या किंवा खोलीच्या काचेतूनही मोजू नका.

प्लेट लहान की झोत मोठा?

दुसरं लक्षण, झाड मिळतं पण प्लेट मिळत नाही, याचं उत्तर इथे आहे. खर्च अजूनही नाही, पण डोकं लावावं लागतं.

रेंजफाइंडर प्रकाशाचा स्पंद सोडतो आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. एक मीटर अंतराला जाऊन-येऊन सुमारे ६.७ नॅनोसेकंद लागतात. वेळ मोजणं आता स्वस्त यंत्रांनाही जमतं. अडचण असते ती परत येणाऱ्या प्रकाशाची. लेझरचा झोत बारीक रेघेसारखा नसतो, तो पसरत जातो. माहितीपत्रकात बीम डायव्हर्जन्स या नावाने हा पसारा मिलिरेडियनमध्ये दिलेला असतो, बहुधा दोन आकड्यांत, कारण डायोडमधून निघणारा झोत आयताकृती असतो.

समजा पसारा ३ × १ मिलिरेडियन आहे. ८०० मीटरवर त्याचा डाग २.४ मीटर × ८० सेंटिमीटरचा होतो. ३० सेंटिमीटरची चौकोनी प्लेट त्याच्या मध्यावर असली तरी तिच्या वाट्याला वीसातला एक भागही प्रकाश येत नाही. बाकीचा मागच्या बांधावर आणि पुढच्या गवतावर पडतो. पसारा १.५ × ०.५ असता तर डाग १.२ मीटर × ४० सेंटिमीटरचा झाला असता आणि प्लेटला जवळपास पाचवा हिस्सा मिळाला असता. म्हणजे चौपट.

वस्तू झोतापेक्षा मोठी असेल, उदाहरणार्थ झाडांची रांग, तर अंतर दुप्पट झाल्यावर परतणारा प्रकाश चौथाईवर येतो. वस्तू झोतापेक्षा लहान असेल तर तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून झाड हळूहळू अवघड होत जातं आणि प्लेट एकदम नाहीशी होते.

यावर पैसे न घालता करण्यासारखं बरंच आहे.

यंत्र ९० अंश वळवून धरा. आयताची लांब बाजू आडवी होते की उभी, यावर गवत किती लागतं ते ठरतं. दोन्ही करून बघा आणि कसं धरल्यावर आकडा पक्का येतो ते लक्षात ठेवा.

उंचावरून मोजा. सपाट जमिनीवर डोळा दीड मीटर उंच असताना ५०० मीटरवरच्या जमिनीवर रोखलं, तर उभ्यात फक्त १ मिलिरेडियन पसरलेला झोतही सुमारे ४३० पासून ६०० मीटरपर्यंतच्या जमिनीवर सांडतो. पालथं पडून मोजलं की हे आणखी वाईट होतं. उठून उभे राहा.

प्लेटऐवजी तिच्या शेजारचं काहीतरी मोठं मोजा: चौकट, खांब, पाटी, शेजारचं झुडूप. मात्र ते खरंच प्लेटच्याच रेषेत आहे ना, हे बाजूने बघून ठरवा. झाडझुडूप यासाठी उत्तम, कारण हिरवी पानं जवळच्या अवरक्तात चांगला प्रकाश परतवतात. डोळ्याला दिसणारा रंग इथे फसवतो. डोळ्याला काळं दिसणारं कापड यंत्राला उजळ दिसू शकतं. ओली वस्तू मात्र कोरडीपेक्षा बहुधा कमी प्रकाश परतवते.

प्लेटचा पृष्ठभागही बघा. पुढे झुकवून टांगलेली गुळगुळीत प्लेट आरशासारखा प्रकाश खाली जमिनीकडे पाठवते. गोळ्यांचे तुकडे खाली जावेत म्हणून ती झुकवलेलीच असायला हवी, ती सरळ करू नका. रेंजची परवानगी असेल तर चौकटीच्या खांबावर परावर्ती टेपचा तुकडा लावा. फायरिंग बंद असल्याचं रेंज ऑफिसरने जाहीर केल्याशिवाय त्यासाठी पुढे पाऊल टाकायचं नाही.

फुली आणि झोत एकाच जागी आहेत का

इतकं करूनही प्लेट सापडत नसेल, किंवा आधारावर ठेवूनही सतत बांधाचंच अंतर येत असेल, तर ही चाचणी करा. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती फार थोडे लोक करतात. परवडणाऱ्या यंत्रांत फुली आणि झोत काटेकोर जुळवलेले असतीलच असं नाही. पडल्यावर तर ते सरकूही शकतात. जवळच्या मोठ्या वस्तूवर हे कधीच उघडकीला येत नाही.

२०० ते ३०० मीटरवरची एखादी एकटी, सुटी वस्तू निवडा जिच्यामागे फक्त आकाश आहे: खांब, पाटी, टाकीचा कठडा. माणसं आसपास असतील अशी जागा नको. यंत्र ट्रायपॉडवर लावा, स्कॅन चालू करा. फुली वस्तूच्या डावीकडे आकाशात ठेवा, रेघा दिसतील. आता अगदी हळू उजवीकडे न्या. आकडा पहिल्यांदा येतो ती जागा लक्षात घ्या, तसंच पुढे जात राहा, आकडा जातो ती जागाही टिपा. मग वरून खाली तेच करा, त्यासाठी पाटीसारखी वरची कड मोकळी असलेली वस्तू घ्या.

आकडा येण्याच्या आणि जाण्याच्या जागांचा मध्य वस्तूच्या मध्याशी जुळला तर झोत फुलीवरच आहे. समजा फुली खांबाच्या बरीच डावीकडे असतानाच आकडा आला आणि खांबावर येताच गेला, तर तुमचा झोत फुलीच्या उजवीकडे पडतोय. कागदावर फुली काढून तिच्या शेजारी झोताची खरी जागा एका आयताने दाखवा आणि तो कागद यंत्राच्या पाऊचमध्ये ठेवा. थोडा फरक असेल तर पुढे त्या हिशेबाने नेम धरून काम निभावतं. फुली सोडून पूर्ण बाहेर असेल तर लांबच्या प्लेटसाठी ते यंत्र तसंच वापरण्यात अर्थ नाही.

ज्ञात अंतरावर पडताळा

शेवटची तपासणी अचूकतेची. मोजून आखलेल्या फायरिंग लाइन असलेल्या रेंजवर जा. पाल्मा या लांब पल्ल्याच्या रायफल सामन्यांसाठी ८००, ९०० आणि १००० यार्डांच्या रेषा असतात. तिथून टार्गेटच्या चौकटीवर यंत्र रोखा. ±१ मीटर छापलेलं यंत्र लांबवर दोन-तीन मीटरने इकडेतिकडे झालं तर काळजी नको. पण प्रत्येक अंतरावर एकसारखाच, समजा ८ मीटरचा, फरक येत असेल तर तो वजा करून चालतं. अंतराबरोबर वाढत जाणारा फरक मात्र आतला दोष दाखवतो. फोनचं जीपीएस या पडताळ्यासाठी पुरेसं नाही, त्याचीच चूक काही मीटरची असते. उपग्रह-नकाशावर दोन ठळक खुणांमधलं अंतर मोजणं त्याहून बरं.

आणि तुम्ही फक्त अशा ज्ञात अंतरांच्या रेषांवरूनच नेमबाजी करत असाल, तर रेंजफाइंडरवर पैसे खर्चच करू नका. तेच पैसे गोळ्यांना आणि वाऱ्याचा अंदाज शिकायला लावा.

इथे थांबा आणि सर्व्हिस सेंटरकडे द्या

काचेच्या आतून दमटपणा दिसतो. हलवल्यावर आत काही खुळखुळतं. पडल्यानंतर झोत फुली सोडून गेला आहे. नव्या सेलवरही चालू-बंद होतं. फरक अंतराबरोबर वाढतो. यातलं काहीही असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. ही यंत्रं बहुधा लेझर सुरक्षेच्या आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्लास १ मध्ये येतात, म्हणजे नेहमीच्या वापरात डोळ्याला सुरक्षित. हा दर्जा न उघडलेल्या यंत्राचा आहे. कव्हर काढलं की लेन्स आणि मर्यादा घालणारं सर्किट यांचा भरवसा राहत नाही. ९०५ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि तरी तो थेट दृष्टिपटलावर केंद्रित होतो. शिवाय ओलावा रोखणारं सील एकदा तुटलं की घरी परत बसत नाही आणि वॉरंटीही जाते. झोत जुळवायला कारखान्यातली मांडणीच लागते. न उघडलेलं यंत्रसुद्धा कोणाच्या डोळ्यावर किंवा समोरून दुर्बिणीतून बघणाऱ्यावर रोखू नका.

वॉरंटी संपली असेल आणि दुरुस्ती नव्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त सांगितली, तर मी नवीन घ्यायला सांगतो.

नवीन घेताना

खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा परावर्ती वस्तूसाठी असतो, रस्त्यावरच्या चमकत्या पाटीसारख्या. प्रामाणिक कंपन्या परावर्ती वस्तू, झाड आणि हरीण असे तीन आकडे देतात. तुमच्या प्लेटच्या जवळ जाणारा आकडा हरणाचा आहे, आणि तोही प्लेट लहान असेल तर जास्तच आशावादी. तीन आकडे दिलेच नसतील तर मी मोठ्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरून चालतो. ६०० मीटरवर भरवशाने काम हवं असेल तर १८०० च्या खालचं बघू नका.

त्यानंतर बघायचा तो पसारा. तो आकडा माहितीपत्रकात नसेल तर कंपनीला विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरं यंत्र बघा. सारख्या किमतीत २००० मीटर छापलेलं पण पसारा मोठा असलेलं, आणि १८०० छापलेलं पण पसारा लहान असलेलं, यांतलं मी प्लेटसाठी दुसरं घेतो. १५५० नॅनोमीटरची यंत्रं लांबवर जास्त पोचतात, कारण ती लहर दृष्टिपटलापर्यंत जात नाही आणि जास्त ताकद वापरायला मुभा असते. पण ती या किमतीत बसत नाहीत, त्यांच्या मागे लागू नका.

ट्रायपॉडच्या स्क्रूचं भोक, स्कॅन मोड, पहिली आणि मागची वस्तू निवडायची सोय, आणि थेट अंतर व कोन वेगवेगळे दाखवणं, एवढं हवंच. ब्लूटूथ, आतलं बॅलिस्टिक गणित, रंगीत पडदा यांसाठी जादा पैसे देऊ नका. परत करायच्या मुदतीचं कलम वाचूनच पैसे द्या, आणि यंत्र हातात आल्यावर त्याच आठवड्यात सुट्या खांबावरची फुली-झोताची चाचणी आणि तुमच्या नेहमीच्या सगळ्यात लांबच्या प्लेटवरची चाचणी, दुपारच्या उन्हात, उरकून घ्या.